सेन्सर कॅनजवळ लावा, टँकरजवळ नको: पुणे जिल्ह्याच्या दूध भेसळ प्रतिबंध समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय दूध भेसळ प्रतिबंध समिती, पुणे

विषय: दूध संकलन केंद्रांवर भेसळ ओळखणारे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर बसवण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी धनकवडीत राहते आणि एका दूध प्लँटच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात केमिस्ट आहे. नोकरी अजून चालू असल्यामुळे नाव देत नाही, एवढं समजून घ्यावं. टँकर आला की दूध उतरवून घ्यायचं की परत पाठवायचं, हे ज्या टेबलावर ठरतं, त्या टेबलामागे मी बसते.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर, म्हणजे दुधात इलेक्ट्रोड बुडवला किंवा पट्टीवर थेंब टाकला की मिनिटभरात आकडा देणारी यंत्रं, आता बाजारात दिसू लागली आहेत. डेमो ठरलेला असतो. दोन ग्लास दूध घ्यायचं, एकात चमचाभर युरिया ढवळायचा, लाल दिवा लागला की समोर बसलेल्या मंडळींकडे बघून हसायचं. चमचाभर युरिया तर आमच्याकडचा शिकाऊ पोरगाही जिभेला लावून ओळखेल. कोणी चमच्याने भेसळ करत नाही, आणि अडचण तिथेच आहे.

२०२३ साली शासनाने जिल्हावार समित्या नेमल्या. त्यांत अपर जिल्हाधिकारी, पोलीस, अन्न व औषध प्रशासन, पशुसंवर्धन, दुग्धविकास आणि वजन-मापं तपासणारं वैधमापन असे सगळे एका टेबलाला आले. भेसळ हा विषय या सगळ्या खात्यांच्या मधल्या फटीत पडून राहायचा, त्यामुळे मला ही रचना आवडली. आज ना उद्या तुमच्यापुढे या मशिनांच्या खरेदीचे प्रस्ताव येणार. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे: मशिनं जरूर घ्या, पण दूध एकत्र होण्याआधी, कॅनच्या तोंडाशी लावा. आणि त्यांनी लावलेला लाल दिवा हा संशय धरा, निकाल धरू नका.

आधी जागेचं बोलते.

गावच्या केंद्रावर शेतकरी किटली किंवा कॅन घेऊन येतो. छोटा नमुना अल्ट्रासॉनिक मशिनात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) स्क्रीनवर येतं, वजन होतं, पावती निघते. सगळा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या जोडीवर बांधलेला. त्याखाली एक पॉइंट (०.१ टक्का) गेला की कापाकापी सुरू. पण ते मशीन दुधातून ध्वनिलहर सोडून तिचा वेग मोजतं. दुधात विरघळलेला पदार्थ दुधाचा स्वतःचा आहे की खताच्या गोणीतला, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही. पावती झाली की दूध सगळ्या गावाचं दूध थंड ठेवणाऱ्या बल्क कूलरमध्ये, कूलरमधून टँकरमध्ये आणि टँकरमधून आमच्याकडे. युरिया, सोडा, पेरॉक्साइड, डिटर्जंट, स्टार्च, मीठ, साखर या सगळ्यांच्या चाचण्या आम्ही टँकरच्या नमुन्यावर करतो. म्हणजे तपासणी जिथे सगळ्यात कडक, तिथे दूध सगळ्यात जास्त मिसळलेलं.

एक हिशेब मांडते. समजा ४० लिटरचा एक कॅन आहे आणि त्याचं एसएनएफ ८.२ भरतंय. ०.३ टक्का कमी पडतोय, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम, कॅनला १२० ग्रॅम. ही तूट युरियाने भरून काढायची म्हटलं, तर युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानावर २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तेव्हा हा जेमतेम सत्तर पैशांचा माल झाला. आता हा कॅन २,००० लिटरच्या बल्क कूलरमध्ये ओतला, तर सगळ्या दुधात लिटरमागे ६० मिलिग्रॅम युरिया वाढतो. दुधात युरिया मुळातच असतो. तो लिटरला ३०० मिलिग्रॅम धरला, तर आता ३६० झाला. कायद्याने चालणारी मर्यादा ७०० आहे. असे दोन कॅन आले तर ४२०, चार आले तर ५४०, सहा आले तर ६६०. कूलरमधल्या पन्नास कॅनपैकी सहांत युरिया टाकलेला असला तरी टँकर माझ्या टेबलावर पास होतो आणि मी त्यावर सही करते. सही नियमाप्रमाणे बरोबर असते.

म्हणून टँकरपाशी कितीही महागडं यंत्र आणून ठेवलं तरी चोर सापडणार नाही. फार तर सगळ्या गावाचं दूध परत जाईल. त्यात सहा जणांची लबाडी असेल आणि चव्वेचाळीस जणांचा तोटा.

पेरॉक्साइडचं तर याहून पुढचं आहे. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड टाकणारे लोक आहेत. पण दुधात मूळचेच कॅटॅलेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज हे एंझाइम असतात, ते पेरॉक्साइड फोडत राहतात. सकाळी सहाला गावात टाकलेलं पेरॉक्साइड दुपारी प्लँटमध्ये येईपर्यंत बरंचसं उडालेलं असतं. आमच्या चाचणीचा कागद कोरा राहतो. हे पकडायचं तर दूध आल्या आल्या, तिथल्या तिथेच पकडायला हवं. नेमक्या याच कामात इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर तरबेज आहे. इलेक्ट्रोडवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थर दिला की शून्याच्या आसपासच्या व्होल्टेजलाच पेरॉक्साइडचा प्रवाह मिळतो. साध्या प्लॅटिनमवर तो वाचायला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि तिथे दुधातलं क जीवनसत्त्व आणि युरिक आम्लही पेरॉक्साइडच्या नावाने हजेरी लावतात. कॅनजवळच्या सेन्सरची सुरुवात एकाच गोष्टीपासून करायची असेल तर ती पेरॉक्साइडपासून करा, असं मी सुचवेन.

आता मशीन म्हणजे काय, ते थोडक्यात. घरी आजी-आजोबांची साखर बघायचा ग्लुकोमीटर असतो, हे त्याचंच भावंड. पट्टीवर एंझाइम असतं, ते एकाच पदार्थाला पकडतं, त्यातून जो बदल होतो तो इलेक्ट्रोड विजेच्या रूपात वाचतो. हे शास्त्र काल-परवाचं नव्हे. एंझाइम लावलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडली आणि युरियासाठीचा इलेक्ट्रोड १९६९ मध्ये आला. युरियेज हे एंझाइम युरियाचा अमोनिया करतं, अमोनियम आयन इलेक्ट्रोडला कळतो, त्यावरून युरिया काढायचा. आपल्याकडे पिलानीच्या सीरी या सरकारी संस्थेने ‘क्षीर स्कॅनर’ बनवला, तो युरिया, मीठ, सोडा, डिटर्जंट, पेरॉक्साइड अशा गोष्टी मिनिटभरात ओळखण्यासाठी. तेव्हा हे होऊ शकतं का, हा प्रश्न जुना झाला. आपल्या दुधात, आपल्या केंद्रावर, आपल्या उन्हाळ्यात ते कसं होईल, हा आजचा प्रश्न आहे.

पाण्यात युरिया विरघळवून मोजणं सोपं असतं. दूध मात्र इलेक्ट्रोडला छळतं. वापरलेली पट्टी पाण्याखाली धरून उजेडात तिरकी करून बघा. मधल्या काळ्या गोलावर दुधाळ, बुळबुळीत साय धरल्यासारखा पापुद्रा दिसतो. ते केसीन आणि फॅट. तोच इलेक्ट्रोड पुन्हा वापरला की आकडा खाली यायला लागतो, आणि खाली येणारा आकडा म्हणजे भेसळ सुटणं. म्हणून मी एकदाच वापरायच्या पट्टीच्या बाजूची आहे. ‘आमचा इलेक्ट्रोड हजार वेळा चालतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला म्हशीच्या सात फॅटच्या दुधात, मध्ये न धुता, ओळीने वाचनं घ्यायला सांगा. पुढचं बोलणं आपोआप सरळ होतं.

दुसरी अडचण पोटॅशियमची. डेमोत ती कोणीच काढत नाही. अमोनियम ओळखणारा नेहमीचा इलेक्ट्रोड पोटॅशियमलाही थोडाफार अमोनियमच समजतो, साधारण दहात एक या प्रमाणात. दुधात पोटॅशियम लिटरला सुमारे दीड ग्रॅम असतं. हिशेब केला तर युरियाचा एक कणही न टाकता लिटरला शंभरेक मिलिग्रॅम जादा युरियाचा भास होऊ शकतो. चांगलं यंत्र दोन पट्ट्या वाचतं, एक एंझाइम असलेली आणि एक नसलेली, आणि त्यांतल्या फरकावरून युरिया काढतं. स्वस्त यंत्र एकच पट्टी वाचतं. तुमच्या निविदेत हा एक प्रश्न घातलात तरी निम्मे विक्रेते गळतील.

तिसरी गोष्ट तापमानाची. ताजं काढलेलं दूध कोमट असतं, कूलरमधलं ४ अंशांवर. एंझाइमचा वेग आणि इलेक्ट्रोडचा व्होल्टेज दोन्ही तापमानाबरोबर हलतात. आणि पट्ट्यांचा डबा दौंडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर उघडा पडला असेल, तर एंझाइम मेलंच म्हणून समजा. केंद्रावर छोटा फ्रिज देणार का, हा प्रश्न मशिनाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. पण खरेदीच्या फायलीत फ्रिजला रकाना नसतो.

या सगळ्यांवर उपाय आहेत. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. लाल दिवा लागल्यावर पुढे काय होणार?

दुधात युरिया वाढलेला दिसला म्हणजे भेसळ झालीच, असं नाही. गाईला लसूणघास किंवा सरकी पेंड जास्त पडली, वैरणीत प्रथिनं जास्त आणि ऊर्जा कमी असली, की दुधातला युरिया आपोआप वर जातो. कडबा युरियाची प्रक्रिया करून खाऊ घाला, असं आपलेच पशुसंवर्धनवाले वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. ते प्रमाण चुकलं तरी दूध बोलतं. विद्युतवाहकतेवर चालणाऱ्या यंत्रांचं तर विचारूच नका. गाईला दगडी झाली, म्हणजे कासदाह झाला, की दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं आणि वाहकता चढते. आटत आलेल्या गाईचंही तसंच. यंत्र म्हणतं मीठ घातलंय. शेतकरी म्हणतो मी तर मिठाला हातही लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात. आणि ज्याने खरोखर पाणी घालून वर मीठ टाकून वाहकता जुळवून आणली, त्याच्या दुधाला हिरवा दिवा मिळतो.

शिवाय साधं गणित बघा. एका केंद्रावर दोनशे शेतकरी, सकाळ-संध्याकाळ मिळून चारशे नमुने. यंत्र शंभरात दोनदाच चुकतं असं धरू, म्हणजे यंत्र चांगलंच म्हणायचं. दोनशेंत एकजण खरोखर भेसळ करतो, असंही धरू. यंत्र त्याला दोन्ही वेळा पकडतं. उरलेल्या ३९८ नमुन्यांतले आठ जण मात्र उगाच लाल होतात. दिवसाला दहा लाल दिवे, त्यांतले आठ निर्दोष. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. आठवडाभरात गावात असं कोणी उरणार नाही, ज्याच्यावर किंवा ज्याच्या शेजाऱ्यावर बोट दाखवलं गेलं नाही. मग एक तर केंद्रचालक मशिनाची वायर काढून ठेवेल, नाहीतर कोणाचा लाल दिवा खरा आणि कोणाचा खोटा हे तो स्वतःच्या मर्जीने ठरवू लागेल. दुसरी शक्यता मला पहिल्यापेक्षा वाईट वाटते.

यातून वाट अवघड नाही. लाल दिवा लागलेला कॅन बाजूला ठेवायचा, ओतायचा नाही. तिथेच दुसऱ्या तत्त्वावर चालणारी चाचणी करायची. युरियासाठी डीएमएबी या रसायनाचा पिवळा रंग, सोड्यासाठी रोझोलिक आम्ल, डिटर्जंटसाठी मिथिलीन ब्लू. या सगळ्या जुन्या, स्वस्त, आणि केंद्रावरच्या बारावी झालेल्या पोराला एका दिवसात शिकवता येतील अशा. डीएमएबीला दुधाचा मूळचा युरियाही फिकट पिवळा दिसतो, म्हणून शेजारी चांगल्या दुधाची नळी लावून रंग ताडायचा, एवढं मात्र शिकवावं लागतं. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या कारणांनी चुकतात, त्यामुळे दोन्ही एकदमच चुकण्याचा संभव फार कमी होतो. दोन्हींत लाल आला तर ते दूध त्या वेळी घ्यायचं नाही, नमुना बर्फात सीलबंद करायचा, त्यावर शेतकऱ्याची सही घ्यायची. आणि त्याच दिवशी गोठ्यावर आधी पशुवैद्यक जावा, पोलीस नव्हे. कास बघावी, वैरण बघावी, कॅन कशाने धुतला ते विचारावं. वैरणीचं कारण सापडलं तर तिथेच विषय मिटला. नाही सापडलं आणि तोच माणूस पुन्हा लाल आला, तर मग अन्न सुरक्षा अधिकारी आहेतच.

इथे कायद्यातली एक गाठ लक्षात आणून देते. अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात आणि अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस मिळतात. तोपर्यंत दूध टिकावं म्हणून त्यात फॉर्मालिनचे थेंब टाकतात. दुधात फॉर्मालिन टाकणं हीच एक भेसळ आहे, हा विनोद आमच्या धंद्यात जुना आहे. पण सेन्सरच्या बाबतीत त्यात हसण्यासारखं काही नाही. फॉर्मालिन एंझाइमला मारतं आणि युरियाशी स्वतःच जुळतं. तेव्हा कायदेशीर नमुना घेऊन तोच पुन्हा सेन्सरवर तपासतो म्हटलं तर उत्तर चुकीचं येणार. न्यायालयात सेन्सरचा आकडा टिकणार नाही आणि टिकूही नये. तिथे प्रयोगशाळेचाच अहवाल लागेल. सेन्सरचं काम आधीचं आहे: हजार कॅनमधून कोणत्या कॅनचा नमुना घ्यायचा, ते सांगणं. आज अन्न सुरक्षा अधिकारी नमुना कुठून उचलतात? बहुतेक वेळा तक्रार आली तिथून, किंवा सण जवळ आला म्हणून.

सणाचा विषय निघालाच आहे तर गणेश पेठेतल्या दूध भट्टीचं, म्हणजे सुट्या दुधाच्या बाजाराचं, सांगते. कोजागिरीला तिथे सुट्या दुधाचा भाव कसा उसळतो, हे पुणेकराला सांगायला नको. सगळी छापेमारी त्याच आठवड्यात, मग दिवाळीच्या खव्यावर, मग पुढच्या वर्षी. फोटोही तेच, दूध गटारात सोडताना. मला ते फोटो बघवत नाहीत. जप्तीला माझा विरोध नाही, पण त्या दुधाचा माग उलटा कोणत्या गोठ्यापर्यंत लागला, हे कधी छापून येत नाही. मिसळलेल्या दुधाचा माग लागतच नसतो, तर छापणार काय?

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, भेसळीचा बाऊ केला जातो. त्यांच्या हातातही आकडे आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ च्या देशव्यापी पाहणीत १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले आणि आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत निघाली. त्याआधी २०११ च्या पाहणीत १,७९१ नमुन्यांपैकी ६८.४ टक्के नमुने मानकात बसले नव्हते. ते ६८ टक्के आजही लोक ‘देशातलं इतकं दूध विषारी’ म्हणून फिरवतात. प्रत्यक्षात त्यात फॅट-एसएनएफ कमी भरलेलं, पाणी घातलेलं, पावडर मिसळलेलं असं सगळंच धरलेलं होतं. मी २०१८ चे आकडे मानते. फक्त ते नमुने शहरांतले होते, म्हणजे बहुतांशी मिसळून झालेल्या दुधाचे, आणि मिसळल्यावर काय काय दिसेनासं होतं ते वर मांडलंच आहे. त्याच पाहणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं. हे दोन्ही बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि औषधानंतर दूध न घालायचे दिवस न पाळल्यामुळे येतं. कॅनजवळच्या सेन्सरकडून त्याची अपेक्षा ठेवू नका. अफ्लाटॉक्सिनची मर्यादाच किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, ते प्रयोगशाळेचंच काम. पामतेल घातलेलं फॅटही इलेक्ट्रोडला दिसत नाही, त्याला आमची जुनी बीआर रीडिंग (फॅटमधून प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) आणि प्रयोगशाळेतली क्रोमॅटोग्राफी लागते. ‘सगळी भेसळ एका मिनिटात’ अशी जाहिरात करणाऱ्याला दारातूनच परत पाठवलेलं बरं.

खरेदीबाबत माझी एक ठाम सूचना आहे. कोणतंही यंत्र पुणे जिल्ह्याच्या दुधावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं पूर्ण फिरवल्याशिवाय घेऊ नका. इंदापूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यातली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, जुन्नर-आंबेगावातलं दूध, भोर-मुळशीच्या डोंगरातली म्हैस, यांची दुधं वेगळी. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या ताणाने प्रामाणिक दुधाचंही एसएनएफ घसरतं. परराज्यातल्या किंवा परदेशातल्या दुधावर शिकवलेलं यंत्र आपल्या मे महिन्याला पाणी समजलं तर त्याचा दोष नाही, ते तसंच घेणाऱ्याचा आहे. पाषाणला एनसीएल आणि सी-मेट या सरकारी संशोधन संस्था आहेत, शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, शहरात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. त्यांच्याकडून ठरावीक युरिया, ठरावीक पेरॉक्साइड घातलेले बंद नमुने तयार करून घ्या आणि दर महिन्याला प्रत्येक केंद्रावर नुसत्या नंबरने पाठवा. काय घातलंय ते केंद्रचालकाला कळू नये, विक्रेत्यालाही कळू नये. जे यंत्र हे बंद नमुने नापास होईल त्याचं पुढचं बिल थांबवा. सध्या मशीन खरेदीनंतर कॅलिब्रेशनचा कागद भिंतीला लावतात आणि तो वर्षभर तिथेच पिवळा पडतो.

वैधमापनच्या साहेबांना विशेष विनंती. केंद्रावरचा वजनकाटा आणि मिल्कोमीटर (फॅट-एसएनएफ मोजणारं मशीन) यांच्यावर शेतकऱ्याचा विश्वास नाही, ही तक्रार प्रत्येक दूध आंदोलनात असते. एक-दोन पॉइंट इकडचे तिकडे झाले की महिन्याचं गणित बदलतं, आणि यंत्र दूध संघाच्या ताब्यात. त्याच टेबलावर आता आणखी एक यंत्र येणार, ते नुसता दर कापणार नाही, तर माणसाला भेसळखोर ठरवणार. त्यावर शिक्का कोणाचा? माझं म्हणणं, सेन्सरचं वाचन फॅट-एसएनएफच्याच पावतीवर छापून शेतकऱ्याच्या हातात द्या, हिरवं असलं तरी द्या. महिनाभराच्या पावत्या शेजारी ठेवल्या की त्याला स्वतःलाच दिसेल, अमुक गाय आटतेय, तमुक पेंडीनंतर युरिया चढला. फुकटचा पशुवैद्यकीय सल्ला मिळाला तर तोच शेतकरी मशीन चालू आहे का, असं विचारत येईल. वाचनं फक्त संघाच्या सर्व्हरवर गेली आणि लाल दिवा फक्त भाव पाडायच्या दिवशी लागू लागला, तर लोक ते मशीन बैलगाडीला बांधून तहसीलवर आणतील, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

केंद्रचालकाचाही विचार करा. पहाटे पाचला उठून तो तासा-दीड तासात शे-दोनशे लोकांचं दूध घेतो. प्रत्येक कॅनमागे एक मिनिटाची चाचणी म्हणजे रांग रस्त्यावर. म्हणून रोज प्रत्येकाची तपासणी नको, चिठ्ठी टाकून रोज वीस जणांची करा. कोणाचा नंबर लागेल हे कोणालाच ठाऊक नसलं की धाक पुरतो. पट्टीचा खर्चही दहापट उतरतो. मोठ्या संकलकांचे कॅन मात्र, जे स्वतः चार गोठ्यांचं दूध गोळा करून आणतात, ते रोज आणि सगळे तपासा. माझा अनुभव असा, की दोन म्हशी असलेली बाई सत्तर पैशांच्या युरियासाठी गावात नाव घालवत नाही. खेळ चालतो तो गोठा आणि केंद्र यांच्या मधल्या हातांत, जिथे रोजचे पाच-सातशे लिटर असतात आणि कोणाची गाय कोणती हे सांगता येत नाही.

तेव्हा समितीने पुढच्या बैठकीत तीन केंद्रं निवडावीत, एक सहकारी संघाचं, एक खासगी डेअरीचं आणि एक गणेश पेठेत दूध आणणाऱ्या संकलकाचं. पेरॉक्साइड आणि युरिया एवढ्या दोनच पट्ट्यांनी सुरुवात करावी. वर्षभर त्या वाचनांवर कोणालाही दंड लावू नये, फक्त नोंद ठेवावी आणि दर तिमाहीला ती नोंद जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावी: किती लाल आले, दुसऱ्या चाचणीत किती टिकले, पशुवैद्यकाला काय सापडलं. नावं नकोत, आकडे हवेत. निविदा त्यानंतर काढावी. आणि त्या बैठकीला दूध उत्पादकांचा एक प्रतिनिधी आणि रोज टँकर तपासणारा एक केमिस्ट, कोणत्याही डेअरीतला, बोलवावा. खरेदी समितीत आम्हाला कोणी विचारत नाही, पण बंद पडलेलं मशीन मात्र आमच्याच कपाटावर येऊन बसतं.

कळावे,

आपली नम्र,
एक डेअरी केमिस्ट
धनकवडी, पुणे